रानपिंगळ्याची वर्दी



आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्यापैकी कितीजणांना असा एखादा छंद आहे, की जो अख्ख्या वर्गात दुसऱ्या कुणालाच नाही? क्रिकेटचे सोडा. क्रिकेटची बातमी न मागता कानावर येते. रिक्षावाले काका सांगतात, शेजारचा दादा सांगतो, दूधवालाही सांगतो. पण तुम्हाला जर जुन्या कुलपांचा नाद असेल, अरुंद रुळांवरच्या आगगाड्यांचा असेल, किंवा कोळ्यांचा असेल, तर? (आठ पायांचे कोळी म्हणतोय मी, बरं का!) अशा विषयाची बातमी वर्षातून दोन-चारदाच येणार. तीही कुठल्या तरी पानाच्या कोपऱ्यात. आणि नेमका त्याच दिवशी आजोबांनी पेपर रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलेला असणार!

पूर्वी अशा मुलांना एकच आधार असे, तो म्हणजे कात्रणांची वही. सगळ्यांचा पेपर वाचून झाला की कात्री घेऊन बसायचे. मागच्या बाजूला बाबांचे शब्दकोडे तर नाही ना, हे बघून मगच कापायचे. मोठ्या शहरांत तर गिऱ्हाइकाने सांगितलेल्या विषयाची कात्रणे कापून पाठवणाऱ्या संस्थाही होत्या. त्या पगारी माणसे नेमून ढीगभर वर्तमानपत्रे वाचून घेत.

आज हेच काम संगणक करतो, आणि तेही फुकट. गूगलने २००३ साली 'अलर्ट्स' नावाची सोय सुरू केली. अलर्ट म्हणजे वर्दी. तुम्ही एकदा शब्द सांगून ठेवायचे. त्या शब्दांचे काही नवे इंटरनेटवर गूगलच्या नजरेला पडले, की तुमच्या ई-मेलवर वर्दी येते. रोज उठून शोधायला नको.

'एवढंच ना? मग त्यात शिकायचं काय?' असे म्हणाल तुम्ही. थांबा हं! किराणा दुकानात कुणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवली आणि तिच्यावर नुसते 'डाळ' लिहिले, तर काय येईल? तूर, मूग, मसूर, काहीही! वर्दी देणारा हा गडी अगदी आज्ञाधारक आहे, पण त्याला मनातले कळत नाही. चिठ्ठीवर लिहाल तेच आणि तेवढेच तो आणणार. म्हणून चिठ्ठी लिहिणे हीच यातली खरी विद्या.

चला, एक खरेखुरे उदाहरण घेऊन बघू. आपण एका पक्ष्याची वर्दी लावू. पक्षी आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि त्याची गोष्टही मोठी नवलाची आहे.

हरवलेला पक्षी

या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. घुबडाच्या कुळातला, पण आकाराने लहान. आपल्या गावात, वाड्यांच्या वळचणीला, वडाच्या ढोलीत जो दिसतो तो ठिपकेवाला पिंगळा. रानपिंगळा त्याचा भाऊ शोभेल असा, पण नीट बघितले की फरक कळतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे असतात आणि पाय चांगले दणकट असतात. शिवाय हा दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, उंदीर, किडे पकडतो. सागाच्या विरळ, कोरड्या जंगलात राहतो.

१८७२ साली आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तो प्रथम मिळाला. १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून त्याला ब्लेविट यांचेच नाव दिले. हो, तेच ह्यूम, ज्यांनी १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला! त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला आपल्या खानदेशात हा पक्षी मिळाला. १८८४ नंतर मात्र तो जो गायब झाला, तो झालाच. साऱ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने होते. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या मोठ्या पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला, पण व्यर्थ. लोक म्हणू लागले, संपला बिचारा!

पण २५ नोव्हेंबर १९९७ या दिवशी शहाद्याजवळच्या जंगलात एका उघड्या फांदीवर तो बसलेला दिसला. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट ही अमेरिकेहून आलेली तीन माणसे त्याच्याच शोधात होती. तब्बल ११३ वर्षांनी दर्शन! पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी त्याच्यावर काम केले. मेळघाट, तोरणमाळ, यावल आणि मध्य प्रदेशातली जंगले अशा ठिकाणी तो आढळला. २०१४ साली तर ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात तो दिसला. तानसा म्हणजे जिथून मुंबईला पिण्याचे पाणी येते, तेच!

आता बघा, असा हा पक्षी उद्या आणखी कुठे दिसला, तर तुम्हाला कसे कळणार? लावा वर्दी.

चिठ्ठी कशी लिहायची?

पहिला प्रयत्न. समजा, तुम्ही लिहिलेत नुसते 'पिंगळा'. काय काय येईल माहीत आहे? गावातल्या पिंगळ्याच्या बातम्या येतील, हे ठीक. पण त्याबरोबर पहाटे कंदील आणि कुडमुडे घेऊन दारोदार फिरणारा पिंगळाही येईल. पिंगळा पक्ष्याची भाषा त्याला कळते, अशी जुनी समजूत आहे. मग योगासनांच्या पानांवरच्या इडा आणि पिंगळा या नाड्या येतील. सगळे पिंगळेच, पण तुम्हाला हवा तो एकही नाही!

दुसरा प्रयत्न इंग्रजीत. या पक्ष्याचे इंग्रजी नाव 'फॉरेस्ट आउलेट'. हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत नुसते लिहिलेत, तर एका पानावर कुठे तरी जंगल आणि दुसऱ्या टोकाला कुठे तरी आउलेट, असली पानेही येऊ शकतात. त्यातच 'आउलेट' नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. ती तान्ह्या बाळांच्या पायात घालायचे, नाडीचे ठोके मोजणारे मोजे विकते. म्हणजे तुम्ही मागितले घुबड आणि आले बाळाचे मोजे!

यावर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत.

एक : शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. मग ते शब्द त्याच क्रमाने, एकमेकांना लागून असतील तीच पाने येतात. अवतरणचिन्ह फक्त मराठीच्या पेपरात गुण मिळवायला असते, असे थोडेच आहे?

दोन : नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाबाकीचे चिन्ह द्या. चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. 'बेबी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत असा वजा केला, की मोजे गेले. पिंगळ्याच्या चिठ्ठीतून 'नाडी' वजा केली, की योगासने गेली.

तीन : एकाच गोष्टीची दोन-तीन नावे असतील, तर मधे 'ऑर' हा इंग्रजी शब्द कॅपिटल अक्षरांत घाला. म्हणजे 'हे किंवा ते'. रानपिंगळ्याला कुणी 'वनपिंगळा' लिहितात, कुणी 'रान पिंगळा' असे तोडून लिहितात. त्याच्या शास्त्रीय नावाचीही तीच गत. ह्यूम यांनी त्याला 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' म्हटले, आणि पुष्कळ ठिकाणी तुम्हाला 'अथेन ब्लेविटी' दिसेल. दोन्ही नावे चिठ्ठीत हवीत. शास्त्रीय नावाचा फायदा असा, की त्या नावाने दुसरे काहीच येत नाही. ना नाडी, ना मोजे!

चार : हा उपाय खास मराठी मुलांसाठी. मराठीच्या तासाला बाई सामान्यरूप शिकवतात, तेव्हा खिडकीबाहेर बघणारे कोण कोण आहेत? 'रानपिंगळा' हा शब्द वाक्यात गेला, की 'रानपिंगळ्याचे', 'रानपिंगळ्याला', 'रानपिंगळ्याने' होतो. तुम्ही अवतरणात फक्त 'रानपिंगळा' लिहिलेत आणि बातमीचा मथळा असला 'रानपिंगळ्याचे तानसात दर्शन', तर ती बातमी तुमच्या शेजारून निघून जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून शब्दाची तीन-चार रूपे मधे 'ऑर' घालून चिठ्ठीत लिहा. व्याकरण कुठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

चिठ्ठी लिहिता लिहिता त्याच पानावर खाली नमुना दिसतो. तो आधी नीट बघा. त्यात मोजे दिसले, तर चिठ्ठी सुधारा. ठीक वाटली, की मग वर्दी लावा. तिथेच पर्यायही असतात. वर्दी लगेच हवी, दिवसातून एकदा, की आठवड्यातून एकदा? कुठल्या भाषेतली? कुठल्या देशातली? सगळी पाने, की फक्त निवडक? रानपिंगळ्यासारख्या दुर्मिळ विषयाला 'आठवड्यातून एकदा' आणि 'सगळी पाने' हे चांगले. रोज दहा वर्द्या येऊ लागल्या की माणूस त्या वाचायचेच सोडतो.

आली वर्दी, पण खरी कशावरून?

आता खरा महत्त्वाचा मुद्दा. रानपिंगळ्याच्या गोष्टीतला एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो आता ऐका.

सात नमुन्यांपैकी एका नमुन्याच्या पायाला चिठ्ठी होती : '१९१४, मांडवी, गुजरात'. ती लिहिणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. मोठे सैनिक, मोठे पक्षितज्ज्ञ, नावाजलेले गृहस्थ. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? म्हणून सगळे म्हणत, १८८४ नाही, १९१४ पर्यंत पक्षी होता आणि गुजरातेत होता. पुढच्या शोधकर्त्यांची दिशाच त्या चिठ्ठीने चुकवली.

पामेला रासमुसेन यांनी मात्र शंका घेतली. त्यांनी तो नमुना बारकाईने तपासला. आत पेंढा कसा भरला आहे, टाके कसे घातले आहेत, हे पाहिले. तेव्हा कळले, की हा पक्षी तर डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला! कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला नमुना लांबवला, त्याला पुन्हा टाके घातले आणि नवी खोटी चिठ्ठी बांधली. १९१४ आणि मांडवी, दोन्ही थापा. मग त्या तिघांनी ती चिठ्ठी बाजूला सारली आणि खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. आधी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या. तिथे काही मिळाले नाही. मग खानदेशात आले. पुढचे तुम्हाला माहीतच आहे.

काय शिकलो आपण? चिठ्ठी नावाजलेल्या माणसाची असली, तरी ती तपासावी लागते. एक खोटी चिठ्ठी कित्येक वर्षे शहाण्यांनाही फिरवू शकते. आणि ती शोधून बाजूला केली, की हरवलेला पक्षीसुद्धा सापडतो.

तुमच्या ई-मेलवर येणारी वर्दी ही अशीच एक चिठ्ठी आहे. गूगलने ती पाठवली म्हणजे ती खरी, असे मुळीच नाही. गूगल फक्त सांगते, 'हे शब्द या पानावर आहेत.' पान खरे की खोटे, हे बघणे तुमचे काम. म्हणून वर्दी आली की चार प्रश्न विचारायचे.

कोण सांगतेय? पक्ष्यांचा अभ्यास करणारी संस्था, वनखाते, वर्तमानपत्र, की नावगाव नसलेले कुणी?

कधीचे आहे? पुष्कळदा जुनीच बातमी नव्या पानावर चढवलेली असते. वर्दी आज आली म्हणजे घटना आजची, असे नाही.

पुरावा काय? फोटो आहे का? असला, तर डोक्यावर ठिपके आहेत का? ठिपके असतील, तर तो गावातला पिंगळा. मथळा काहीही म्हणो!

दुसरे कुणी सांगतेय का? एकाच बातमीची दहा पानांवर नक्कल झाली, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार दहा आरशांत दिसतोय.

पक्ष्यांपुरते सांगायचे, तर 'ई-बर्ड' नावाची एक वेगळी सोय आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ती २००२ साली सुरू केली. भारतातलेही पुष्कळ पक्षिमित्र तिथे आपल्या नोंदी टाकतात. तिथेही वर्दी लावता येते. आपल्या भागात दुर्मिळ पक्षी दिसला, किंवा तुम्ही आजवर न पाहिलेला पक्षी कुणाला दिसला, की ई-मेल येते. विशेष म्हणजे दुर्मिळ नोंदी जाणकार स्वयंसेवक तपासतात आणि ती नोंद पक्की झाली की नाही, हे वर्दीत लिहिलेले असते. 'अजून खात्री झालेली नाही' असे स्पष्ट लिहिणारी चिठ्ठी किती प्रामाणिक, नाही का?

आणि एक. जागा कळली म्हणून लगेच धावत सुटायचे नाही! संकटात असलेल्या काही पक्ष्यांच्या नेमक्या जागा ई-बर्ड मुद्दाम झाकून ठेवते. कारण घरट्याभोवती गर्दी झाली, कुणी फोटोसाठी फांद्या वाकवल्या, कुणी आवाज लावून पक्ष्याला बोलावले, की पिल्लांचे हाल होतात. तुम्हाला एखादे घरटे कळले, तर त्याची जागा चारचौघांत सांगू नका. वनखात्याला किंवा जाणत्या पक्षितज्ज्ञाला सांगा. सगळ्यांनी उचलून धरलेली बातमी पक्ष्याच्या जिवावर उठू शकते.

या आठवड्याचा उद्योग

१. तुमच्या आवडीचा एकच विषय निवडा. 'प्राणी' नको, 'खवले मांजर' चालेल. 'किल्ले' नको, तुमच्या तालुक्यातला एक किल्ला चालेल.

२. कागदावर त्याची सगळी नावे लिहा. मराठी, इंग्रजी, शास्त्रीय आणि मराठीतली सामान्यरूपेसुद्धा.

३. त्याच नावाच्या दुसऱ्या कुठल्या गोष्टी आहेत, ते लिहा. त्या वजा करायच्या.

४. आई-बाबांच्या मदतीने वर्दी लावा. आठवड्यातून एकदाच.

५. एक वही करा. चार रकाने आखा : तारीख, कोणी सांगितले, नवे काय कळले, खात्री कशी केली. चौथा रकाना रिकामा असेल, तर ती नोंद पेन्सिलीने लिहा. खात्री झाली की शाईने गिरवा.

सहा महिन्यांनी त्या वहीत शाईची पंधरा-वीस वाक्ये जरी जमली, तरी त्या विषयात तुम्ही गावातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या पुढे गेलेले असाल. आणि महिनोन् महिने काहीच वर्दी आली नाही, तर हिरमुसू नका. आधी चिठ्ठी पुन्हा तपासा. एखादे रूप राहून गेले असेल. तरीही काही नाही आले, तर 'या विषयावर कुणी लिहीत नाही' हीसुद्धा एक बातमीच आहे. मग लिहिणारे पहिले तुम्हीच का होऊ नये?

आई-बाबांसाठी दोन शब्द

गूगलचे स्वतःचे खाते काढायला मुलाला तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. मूल त्याहून लहान असेल, तर वर्दी तुमच्या ई-मेलवर लावा आणि रविवारी सकाळी चहा घेता घेता दोघांनी मिळून वाचा. वर्दीतली सगळीच पाने मुलांसाठी नसतात, म्हणून सुरुवातीला शेजारी बसणे बरे. चिठ्ठीत मुलाचे नाव, शाळा किंवा पत्ता यातले काही लिहायचे कारण नाही. आणि मुलाने 'बाबा, हे खरं कशावरून?' असे विचारले, तर वैतागू नका. हा सगळा उद्योग त्या एका प्रश्नासाठीच तर आहे.

तर मंडळी, लागा कामाला. पुढच्या आठवड्यात भेटूच, नव्या छंदासह. तोवर आपापल्या चिठ्ठ्या नीट लिहा हं!